सामाईक दप्तराची कहाणी



वसंत ऋतूत व्याख्यानांचे सत्र भरविण्याची प्रथा पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर गावोगावी रुजली. चार जाणत्यांच्या कपाटात पडलेले ज्ञान चारशे माणसांत आणून उलगडावे, हे या प्रथेचे मर्म आहे. आज मी जो विषय घेऊन भिवापूरकरांसमोर उभा आहे, तोही कपाटे उघडण्याचाच विषय आहे. एका घरातील दोन संगणकांनी एकमेकांची कागदपत्रे कशी पाहावीत, एवढाच तो विषय. इतिहासाच्या व्यासपीठावर हा कुठला विषय, असे कोणी मनात म्हणेल. थोडा धीर धरावा. या लहानशा प्रश्नाला पन्नास वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि मनुष्यस्वभावातील औदार्य व कृपणता या दोहोंची साक्ष त्यात उत्तम मिळते.

माझ्याच घरची एक गोष्ट सांगतो. घरातल्या लग्नाची छायाचित्रे पुतण्याच्या संगणकावर होती. ती मला माझ्या खोलीत, माझ्या संगणकावर हवी होती. मध्ये एक भिंत. पुतण्याने ती छायाचित्रे महाजालावर चढविली, ती कोठल्या तरी दूरच्या संगणकगृहात जाऊन पोहोचली, आणि तेथून परत फिरून माझ्या खोलीत उतरली. वीस फुटांच्या अंतरासाठी शेकडो कोसांचा प्रवास! शेजारच्या वावरात जायचे असेल तर आपण धुरा ओलांडतो. नागपूरला जाऊन परत येत नाही. मग येथेच असे का व्हावे? भिंत तर पातळ होती. अडचण कोठे होती?

या अडचणीचे स्वरूप भिवापूरच्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण आपण ती रेल्वेच्या रुळांवर पाहिलेली आहे. नागपूर–नागभीड हा आपला लोहमार्ग १९०८ साली सुरू झाला, तो अडीच फुटी. नागपूरचा मोठा मार्ग साडेपाच फुटी. दोन्ही लोखंडाचेच रूळ, दोन्हींवर वाफेचेच इंजिन. पण लहान मार्गावरचा डबा मोठ्या मार्गावर चढत नसे. एका डब्यातले पोते हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात गेले तरच पुढे जाई. पुढे गोंदिया–चांदाफोर्ट मार्ग रुंद झाला, तेव्हा नागभीडच्या टोकालाही तीच गत झाली. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये आपली लहान गाडी थांबली आणि रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. यातून धडा असा की, मार्ग असणे आणि मार्ग जुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संगणकांच्या इतिहासातही नेमके असेच झाले.

पेशवे दप्तराचा दाखला

संगणकांकडे वळण्यापूर्वी आपल्या जुन्या दप्तराकडे एक दृष्टिक्षेप टाकू. मराठेशाहीत सरकारी कागद विषयवार लावून कापडात बांधून ठेवीत. त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणत. आज संगणकाच्या पडद्यावर जे पिवळे पाकीट दिसते व ज्याला आपण फोल्डर म्हणतो, तो हा रुमालच होय. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनामांची चौकशी करण्यासाठी त्यांनी त्याचा भरपूर उपयोग केला; परंतु ज्यांच्या पूर्वजांचा तो इतिहास होता, त्या येथील अभ्यासकांना मात्र ते दार दीर्घकाळ बंदच राहिले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या एखाद्यालाच आत डोकावता आले. त्याचे फळ म्हणून पेशव्यांच्या रोजनिशांवरील त्यांचा निबंध १९०० साली आला. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले, तेव्हा कोठे ते धन सर्वांचे झाले.

या दप्तराला तीन कुलपे होती, असे माझे म्हणणे आहे. पहिले कुलूप अंतराचे: कागद पुण्यात, वाचणारा नागपुरात. दुसरे कुलूप अनुमतीचे: ज्याच्या हाती किल्ली, त्याची मर्जी. तिसरे कुलूप लिपीचे: कागद हाती आला तरी तो मोडीत, आणि मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस थोडे. अंतर, अनुमती आणि लिपी ही तीन कुलपे ध्यानात ठेवावीत. संगणकाच्या युगात कागद गेला, कापड गेले. पण ही तिन्ही कुलपे नव्या धातूची होऊन पुन्हा आली.

आणखी एक भेद जुन्या दप्तरातूनच समजून घेऊ: नक्कल आणि मूळ. वतनाच्या कागदाची नक्कल करून भावाभावांत वाटली, तर प्रत्येकाजवळ कागद राहतो खरा. पण पुढे एकाने आपल्या प्रतीत दुरुस्ती केली की दोन प्रतींत फरक पडतो, आणि खरी कोणती यावरून तंटा उभा राहतो. याउलट एकच खतावणी पेढीवर ठेवली आणि सर्व भागीदार तीच उघडून पाहू लागले, तर सर्वांना एकच हिशेब दिसतो. नक्कल पाठविणे वेगळे आणि मूळ सामाईक करणे वेगळे. संगणकांनी आधी पहिली गोष्ट साधली, दुसरी नंतर.

पहिले कुलूप: अंतर

नक्कल पाठविण्याचा पहिला पद्धतशीर नियम लिहिला तो एका भारतीय तरुणाने, हे आपल्याला ठाऊक असावे. त्याचे नाव अभय भूषण. कानपूरच्या आय. आय. टी.च्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेत गेले, आणि एप्रिल १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर फाईल कशी न्यावी याचे नियम त्यांनी टिपणरूपाने प्रसिद्ध केले. एफ. टी. पी. या नावाने ती पद्धत पुढे जगभर चालली. ‘प्रसिद्ध केले’ या शब्दांवर मी भर देतो. ते टिपण कोणालाही वाचता येत होते. म्हणूनच निरनिराळ्या घडणीच्या यंत्रांना ती भाषा शिकता आली.

मात्र हे सारे मोठमोठ्या संस्थांतील अवाढव्य यंत्रांचे झाले. एकाच इमारतीतील लहान यंत्रे एकमेकांना जोडण्याचा प्रश्न उभा राहिला तो कॅलिफोर्नियात, पालो अल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत. तेथे १९७३ साली प्रत्येकाच्या टेबलावर ठेवता येईल असा ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. छपाईचे यंत्र मात्र महाग. ते सर्वांत मिळून एकच. तेव्हा सर्व टेबले जोडणारी तार हवी झाली. २२ मे १९७३ रोजी रॉबर्ट मेटकाफ यांनी एका टिपणात तिची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती साकार केली. प्रकाश ज्यातून जातो असे जुने शास्त्रज्ञ मानीत, त्या ‘ईथर’ नावाच्या काल्पनिक द्रव्यावरून त्यांनी या जोडणीला ‘ईथरनेट’ असे नाव दिले. हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली बिनतारी संदेशांनी संगणक जोडले होते. त्या प्रयोगाचा धडा मेटकाफ यांनी गिरविला होता.

या तारेची युक्ती मोठी गमतीची आहे. एका तारेवर पुष्कळ यंत्रे. मग बोलण्याची पाळी कोणी ठरवायची? सभेला अध्यक्ष असतो; येथे तोही नाही. तेव्हा नियम असा केला की, बोलण्यापूर्वी ऐकावे. तार शांत असेल तरच बोलावे. दोघे एकाच क्षणी बोलले आणि शब्द एकमेकांवर आदळले, तर दोघांनीही थांबावे, आणि प्रत्येकाने आपल्या मनाने, कमीअधिक क्षण वाट पाहून पुन्हा बोलावे. सभ्य माणसांच्या बैठकीचा हा शिष्टाचार यंत्रांना शिकविला गेला! आपल्या ग्रामसभांत तो अजून पुरता रुजलेला नाही, हा भाग निराळा.

पहिल्या ईथरनेटचा वेग सेकंदाला सुमारे तीस लाख बिट एवढा होता. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून त्याचे परिमाण जाहीर केले आणि १९८३ साली विद्युत् अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यावर प्रमाणाची मोहोर उठविली. जाहीर प्रमाणामुळे कोणीही कारखानदार ती तार व तो सांधा बनवू शकला, किंमत उतरली, आणि प्रतिस्पर्धी पद्धती मागे पडत गेल्या. पुढे १९९७ साली बिनतारी जोडणीचेही प्रमाण ठरले. दोन वर्षांनी तिला ‘वाय-फाय’ हे नाव मिळाले. आज आपल्या घराच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याशेजारी वा दूरदर्शन संचामागे, जी लहानशी पेटी लुकलुकते, ती या दोन्ही प्रमाणांची वारसदार आहे.

ती पेटी आणखी एक काम करते. घरातील प्रत्येक यंत्राला ती एक क्रमांक देते, आणि तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये असे ठरले की, क्रमांकांच्या काही माळा केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवाव्यात. त्या महाजालाच्या हमरस्त्यावर चालू नयेत. म्हणून भिवापुरातील घरात आणि बोस्टनमधील घरात एकच क्रमांक नांदू शकतो. ‘वरच्या आळीतले तिसरे घर’ हा पत्ता गावात पुरतो, आणि गावाबाहेर त्याला अर्थ नसतो; तसेच हे.

आपल्या देशात ही विद्या प्रथम संस्थांतून आली. १९८६ साली ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधन संस्थांचे जाळे आखले गेले आणि मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था त्यातील एक प्रमुख घटक होती. सामान्य नागरिकाला महाजाल खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर, आणि लहान गावांत त्यानंतरही कितीतरी वर्षे, दोन संगणकांमधील तार म्हणजे माणसाचे पाय होत. दीड मेगाबाइटही न मावणारी चौकोनी फ्लॉपी खिशात घालून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जावे लागे. पुढे पेन-ड्राइव्ह आला, आणि त्याच्याबरोबर एका यंत्राचा रोग दुसऱ्याला लागणेही आले.

दुसरे कुलूप: अनुमती

तार जोडली, म्हणजे दोन माणसांची ओळख झाली. भाषा अजून व्हावयाची आहे. शेजारच्या खोलीतील संगणकाचा रुमाल आपल्या पडद्यावर दिसावा, त्यातील फाईल तेथेच उघडावी, तेथेच दुरुस्त व्हावी, यासाठी बराच संवाद लागतो. तू कोण? तुझा परवलीचा शब्द कोणता? कोणता रुमाल पाहिजे? वाचावयाचा की लिहावयाचाही? आणि सर्वांत नाजूक प्रश्न: दुसरा कोणी याच कागदावर लिहीत तर नाही ना? दोघांनी एकाच वेळी खतावणीत लेखणी घातली, तर मागून लिहिणारा आधीच्याचे पुसून टाकतो. म्हणून एकाच्या हाती कागद असता दुसऱ्याला ‘थांबा’ म्हणण्याची सोय या भाषेत असावी लागते. या प्रश्नोत्तरांच्या ठराविक क्रमालाच ‘संकेत’ किंवा प्रोटोकॉल म्हणतात.

असे दोन मोठे संकेत जवळजवळ एकाच वेळी जन्माला आले. १९८३ च्या सुमारास आय. बी. एम. कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी एक रचला, त्याला एस. एम. बी. म्हणतात. मायक्रोसॉफ्टने तो उचलला, वाढविला, आणि १९९२ साली ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ मधून तो साध्या कार्यालयांच्या टेबलांवर आणला. दुसरा १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने काढला. त्याचे नाव एन. एफ. एस. सनने आपल्या संकेताचे वर्णन १९८९ साली सर्वांसाठी छापून टाकले. एस. एम. बी.चे जुने वर्णन काही अंशी बाहेर होते. परंतु मायक्रोसॉफ्ट त्यात जी भर घालीत गेली, तिची पुरी माहिती बाहेरच्यांना मिळत नव्हती. घराघरांत विंडोज गेले, म्हणून हाच संकेत घराघरांत गेला. आणि ज्याच्या घरी दुसऱ्या जातीचा संगणक होता तो उंबऱ्याबाहेर राहिला.

येथे आपल्या कथेत ऑस्ट्रेलियातील एक विद्यार्थी येतो. अँड्र्यू ट्रिजेल हा कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करीत होता. डिसेंबर १९९१ मध्ये त्याला आपल्या टेबलावरच्या संगणकावरून विभागातील दुसऱ्या घडणीच्या यंत्रावरील फाइली पाहावयाच्या होत्या. नियमांचे पुस्तक त्याच्याजवळ नव्हते. मग त्याने काय केले? जनावरांच्या जुन्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून सौदा ठरवीत. बाहेरून पाहणाऱ्याला भाव कळत नसे. पण एखाद्या चाणाक्षाने दिवसभर बसून, उपरणे हलले केव्हा, मान डोलली केव्हा, आणि शेवटी पैसे किती मोजले गेले, हे टिपून ठेवले, तर आठवड्याभरात त्याला बोटांची भाषा उमगेल. ट्रिजेलने नेमके हेच केले. तारेवरून जाणारे प्रश्न आणि येणारी उत्तरे तो टिपीत बसला, त्यांचा अर्थ लावला, आणि तीच उत्तरे देणारी आपली स्वतंत्र आज्ञावली लिहिली. कोणाचे कपाट फोडले नाही, कोणाचा कागद चोरला नाही. उघड्यावर चाललेले संभाषण कान देऊन ऐकले.

पुढचा भाग आपल्या विषयाला अगदी भिडणारा आहे. ते काम त्याने बाजूला ठेवून दिले होते. सुमारे दोन वर्षांनी त्याला घरी स्वतःचा लिनक्स संगणक आणि पत्नीचा संगणक जोडावयाचे होते. जुनी आज्ञावली सहज लावून पाहिली, तो ती चालली! म्हणजे या कार्याला दुसरा जन्म मिळाला तो एका घरातल्या पती-पत्नींच्या दोन संगणकांमुळे. आधीच्या नावावर एका कंपनीचा हक्क निघाला, म्हणून १९९४ साली त्याने एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द संगणकातील शब्दकोशात शोधले आणि ‘सांबा’ हे नाव पसंत केले. ही आज्ञावली त्याने विकली नाही. सर्वांना वापरावयास, वाचावयास आणि सुधारावयास मोकळी ठेवली. जेरेमी ॲलिसन आदी अनेक देशांतील सहकारी त्यात मिळाले. आज घरातील छायाचित्रे साठविण्याच्या ज्या पेट्या बाजारात मिळतात, त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात हीच आज्ञावली काम करीत असते. विकत घेणाऱ्याला तिचे नावही ठाऊक नसते.

परंतु ऐकून ऐकून भाषा शिकणे हे कष्टाचे काम; आणि भाषेत रोज नवे शब्द घालणारा समोर असला, तर ते संपतच नाही. हा प्रश्न अखेर न्यायालयाच्या दारी गेला. १९९८ साली सन कंपनीने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली की, मायक्रोसॉफ्ट आपल्या संकेतांची माहिती इतरांस देत नाही. २४ मार्च २००४ रोजी आयोगाने कंपनीविरुद्ध निर्णय देऊन ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक दंड केला आणि माहिती खुली करण्याचा आदेश दिला. कंपनीने अपील केले. १७ सप्टेंबर २००७ रोजी लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने आयोगाचा निर्णय मुख्यतः उचलून धरला. सांबाचे कार्यकर्ते या लढ्यात आयोगाच्या बाजूने उभे होते. त्याच वर्षी डिसेंबरात दहा हजार युरो एकदाच भरून त्यांना संकेतांची कागदपत्रे पाहावयास मिळाली. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीस हजारांहून अधिक पृष्ठांची माहिती सर्वांनाच खुली करण्याचे जाहीर केले. कंपनीच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्याने कष्टाने वस्तू घडविली त्याला तिचे फळ मिळावे, हा तिचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण वस्तू घडविणाऱ्याचा हक्क वस्तूवर असतो. दोन घरांनी एकमेकांशी बोलावयाच्या भाषेवर एकाचीच मालकी असू नये, हा त्या निर्णयाचा आशय मला वाटतो. पेशवे दप्तराचे दार उघडावयास शतक लागले. हे दार पंचवीस वर्षांत उघडले. तेवढी प्रगती म्हणावयाची!

तिसरे कुलूप: लिपी

आता फाईल आली. तार आहे, अनुमती आहे. उघडून पाहावे तो काय? ‘भिवापूर’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! ज्यांनी १९९० नंतरच्या दोन दशकांत मराठी मजकूर संगणकावर लिहिला, त्यांना हा अनुभव नवा नाही. कारण असे की, पुष्कळ मराठी टंक इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवून केलेले होते. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. वरून मुखवटा मात्र देवनागरीचा. ज्या संगणकावर तो मुखवटा नाही, तेथे आतले इंग्रजी उघडे पडे. शिवाय प्रत्येक कारखानदाराची मांडणी निराळी. एकाच घरातील दोन संगणकांत दोन टंक असले, तर बापाचे पत्र मुलाला वाचता येईना. मोडीचा प्रकार पुन्हा नव्याने घडला.

यावर उपाय शोधणाऱ्यांत पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या आय. आय. टी.त भारतीय लिप्यांचे जे संशोधन सुरू झाले होते, ते पुढे या संस्थेत आले. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे धुरीण डॉ. विजय भटकर हे आपल्याच वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातले. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ नावाचे प्रमाण ठरविले. त्यात सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना एका सामाईक सांच्यात क्रमांक दिले होते. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एका सूत्रात ओवणाऱ्या ‘युनिकोड’चा पहिला खंड निघाला, आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावर बेतलेली होती. मराठीच्या बारीकसारीक गरजा त्यात हळूहळू शिरल्या. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र घर २००८ साली मिळाले. २००९ मध्ये केंद्र सरकारने शासकीय कामासाठी युनिकोडचे प्रमाण स्वीकारले. आणि जून २०१४ मध्ये, ज्या मोडीने आपल्याला दप्तराबाहेर उभे केले, त्या मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये स्थान लाभले. तिसऱ्या कुलपाची किल्ली निदान घडविली गेली. जुन्या टंकांत अडकलेल्या फाइलींचे ढीग मात्र अजून घरोघरी व छापखान्यांतून पडलेले आहेत. त्यांना आज युनिकोडमध्ये उतरवून घेतले नाही, तर उद्या त्यांच्यासाठीही मोडीसारखे वर्ग काढावे लागतील.

कुलूप हवेच, तेथे

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग सर्व दारे सताड उघडी टाकावीत. तसे नव्हे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एस. एम. बी.च्या सर्वांत जुन्या आवृत्तीतील एका घातक उणिवेची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ज्यांनी ती बसविली नाही त्यांच्यावर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची साथ आली. दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवरील कागद कुलूपबंद होऊन किल्लीसाठी खंडणी मागितली गेली. २७ जून रोजी तिच्यासारखीच दुसरी साथ युरोपातून पसरली, आणि तिचा फटका आपल्या महाराष्ट्राला बसला. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाच्या ताब्यातील धक्क्याचे संगणक थांबले आणि पेट्यांची चढउतार खोळंबली. या साथीने घरफोडीसाठी जे मार्ग वापरले, त्यांत ही फाइली वाटून घेण्याची जुनी वाट होती. शेजाऱ्यासाठी ठेवलेले मागले दार मोडकळीस आले होते, आणि चोर तेथून शिरला. त्याच वर्षी विंडोजच्या नव्या आवृत्तीत ही जुनी भाषा आपोआप सुरू होणे बंद करण्यात आले.

खुलेपणा म्हणजे बेफिकिरी नव्हे. संकेत सर्वांना ठाऊक असावा. किल्ली मात्र घरच्यांच्याच हाती असावी. गृहिणी स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवते, पण तिजोरीची किल्ली कमरेला लावते; तिला यात काही विसंगती वाटत नाही.

म्हणून श्रोतेहो, घरी गेल्यावर तीन गोष्टी अवश्य कराव्यात. घरातील संगणकांवर एक रुमाल सामाईक ठेवावा, आणि सर्वस्व न ठेवता वाटावयाचे तेवढेच त्यात ठेवावे. त्याला परवलीचा शब्द द्यावा आणि संगणकाच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. शिवाय मूळ सामाईक असले तरी एक नक्कल निराळ्या जागी असू द्यावी. कारण एकच खतावणी असलेल्या पेढीला आग लागली, तर हिशेबच संपतो.

माझ्या घरी अखेर हे झाले. पुतण्याने एका संध्याकाळी बसून एक रुमाल सामाईक केला. आता लग्नाची छायाचित्रे, शेताचे सातबारा उतारे, वडिलांच्या हातच्या पत्रांच्या प्रतिमा त्यात आहेत. परवा मी त्या पत्रांवर तारखा घालीत होतो, आणि पलीकडच्या खोलीतून पुतण्या ओरडला, “काका, हे पत्र त्या सालचे नाही, त्याच्या आधीचे आहे!” भिंतीपलीकडे बसून तो तेच पत्र वाचीत होता. ती नक्कल नव्हती. तोच कागद, त्याच क्षणी. आमच्यात एका पिढीचे अंतर आहे. पण त्या संध्याकाळी आमचे दप्तर एक होते.

धान्य वाटले तर कणगी रिकामी होते. विद्या वाटली तर वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. फाईल ही विद्येच्या जातीची आहे, धान्याच्या नव्हे. ती वाटण्याची साधने कोणा उदार माणसांनी आपल्यासाठी मोकळी ठेवली. त्यांतली काही नावे आज आपण ऐकली. ते ऋण फेडण्याचा मार्ग एकच: आपल्या घरात आणि आपल्या गावात जे जाणण्यासारखे आहे, ते बंद रुमालात राहू न देणे.